रोप-१ सापडलं नाही

सोमवारी दुपारी वीज गेली आणि पाचच मिनिटांत परत आली. पाच मिनिटांत कुणाचं काय बिघडतं? पंखा थांबतो, माणूस दोन शिव्या हासडतो, पंखा सुरू होतो, संपलं. पण फेजच्या रोपवाटिकेत त्या पाच मिनिटांनी चार दिवस खाल्ले आणि घरातल्या तीन माणसांची तोंडं तीन दिशांना झाली.

फेज हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जळक्या मोटारी उघडायच्या, करपलेली तार काढायची आणि नवी गुंडाळून द्यायची, हा त्याचा धंदा. कुणी काहीही आणून पुढ्यात ठेवलं की हा न बघताच म्हणायचा, “फेज गेला असणार.” पंप असो, पंखा असो, एकदा तर एकानं सेलवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. तेव्हापासून सगळे त्याला फेज म्हणायला लागले आणि तोही ओ द्यायला लागला.

रोपवाटिका जुनी, आता त्याची बायको चालवायची. घरापासून दोन शेतं ओलांडून, हिरव्या जाळीखाली, बाकड्यांवर मांडलेले सातशे ट्रे. त्यात बोटभर उंचीची मिरचीची रोपं. वर फवाऱ्याच्या नळ्या. एका खांबावर फेजनं स्वतः बनवलेला डबा. डब्याचं काम एवढंच की ठरल्या वेळी पंप लावायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, फवारे सोडायचे आणि बंद करायचे. वेळ कुठली, किती मिनिटं, हे सगळं मोबाईलवरून सांगायचं. शिवाय मधल्या एका ट्रेमध्ये खुपसलेली सळी मातीत ओल किती, त्याचा आकडा मोबाईलवर दाखवायची. डब्यात एक नखाएवढं ब्लूटूथचं मोड्यूल होतं, त्याला फेजनं नाव दिलं होतं रोप-१. पुढंमागं रोप-२, रोप-३ असे पुष्कळ डबे होतील, हा त्यामागचा हिशेब.

वीज गेली की डबा आपलं वेळापत्रक विसरायचा. मग तो जन्मतः जे शिकला होता तेच करायचा. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. थंडीत ठीक आहे. पण आता ऊन असं होतं की जाळीखाली उभं राहिलं तरी डोक्याची कवटी तापायची. रोपांना दर तासाला पाणी हवं होतं.

“वीज गेली होती,” बायको म्हणाली. “तेवढं वेळापत्रक परत लावून या.”

“त्यात काय, एका मिनिटाचं काम,” फेज म्हणाला आणि नवा फोन घेऊन निघाला. जुना फोन शिडीवरून पडून वरच्या अर्ध्या भागात मेला होता. तो रविवारीच भंगाराच्या खोक्यात गेला होता. नव्या फोनवर धाकट्या बहिणीनं ॲप पाठवलं होतं आणि रविवारी दुपारी डबा त्याला कसा पटकन जुळला होता.

डब्याखाली उभं राहून त्यानं ॲप उघडलं. चक्र फिरलं, फिरलं, आणि खाली ओळ आली, ‘रोप-१ सापडलं नाही.’

“सापडलं नाही म्हणे. अरे, माझ्या नाकासमोर टांगलंय!”

परत दाबलं. सापडलं नाही. फोन बंद करून चालू केला. सापडलं नाही. डब्याची वीज काढली, दहा आकडे मोजले, परत दिली. सापडलं नाही. फोनच्या यादीत पलीकडच्या गॅरेजवाल्याचा स्पीकर दिसत होता, कुणाची तरी मोटारसायकल दिसत होती, रोप-१ तेवढं नव्हतं.

मागं त्याचा बाप उभा होता. म्हाताऱ्याला सवयच होती ती. पोरगा काम करत असला की चार हात लांब उभं राहायचं, हात पाठीशी बांधून, एक शब्द न बोलता.

“काय बघताय बाबा?”

“काही नाही. रोपं माना टाकायला लागलीत.”

“दिसतंय मला.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिघांनी झाऱ्यांनी पाणी घातलं. सातशे ट्रे. नऊ लिटरची झारी, टाकीपासून बाकड्यापर्यंत तीस पावलं, एका झारीत चार ट्रे. फेजनं मधे चार वेळा हात पुसून फोन काढला आणि चार वेळा तेच वाचलं.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर म्हाताऱ्याचं ते लांब उभं राहणं कळायचं नाही. डबा यायच्या आधी पाणी म्हाताऱ्याकडं होतं. तीस वर्षं. ट्रेमध्ये बोट खुपसायचं, ओल बघायची, पितळी व्हॉल्व्ह फिरवायचा. त्याचं बोट कधी चुकलं नव्हतं. दगा दिला तो डोळ्यांनी. मागच्या हंगामात एका दुपारी त्यानं व्हॉल्व्ह उघडला, सावलीत टेकला आणि त्याचा डोळा लागला. दोनशे ट्रे पाण्यात बसले आणि तीन दिवसांत मुळं कुजून काळी पडली. फेज तेव्हा वाट्टेल ते बोलला. बोलता बोलता म्हणाला, “यापुढं पाण्याला हात लावायचा नाही तुम्ही.” म्हाताऱ्यानं मान हलवली आणि खरंच लावला नाही.

मग फेजनं डबा बनवला आणि पितळी व्हॉल्व्ह काढून विजेवर उघडणारा बसवला. हातानं चालवायचा खटका त्यात ठेवला नाही. बायकोनं विचारलं होतं तेव्हा म्हणाला होता, “कशाला हवा? मोबाईल आहे ना.”

शुक्रवारी रोपवाल्या बायकांच्या संघाची अध्यक्षीणबाई डबा बघायला येणार होती. संघात बारा रोपवाटिका. बाईला डबा पसंत पडला तर बाराही ठिकाणी फेजचे डबे लागणार होते, आणि मोटारी बांधणं सुटणार होतं. वीस वर्षं तार गुंडाळून त्याच्या बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झाली होती. व्हार्निशच्या वासानं सकाळी उठल्या उठल्या खोकला सुरू व्हायचा तो दहा मिनिटं थांबायचा नाही. त्याला यातून बाहेर पडायचं होतं. दाराशी आलेली अशी संधी परत येणार नव्हती, आणि डबा होता की ओ देत नव्हता.

मंगळवारी त्यानं सकाळीच धाकटीला फोन लावला. धाकटी शहरात अशीच ॲप बनवायच्या नोकरीत.

“दादा, बंद करून चालू केलंस का?”

“हा प्रश्न मला विचारू नको. मी लोकांना विचारतो तो.”

“बरं. लोकेशन चालू आहे का फोनचं?”

“लोकेशन कशाला? डबा कुठं आहे ते मला माहितीये. खांबावर आहे.”

“अरे, तसं नाही रे. लोकेशन बंद असलं की फोन आजूबाजूची ब्लूटूथ शोधतच नाही. चालू कर.”

केलं. सापडलं नाही. ॲपला परवानग्या दिल्या, काढल्या, परत दिल्या. सापडलं नाही. ॲप काढून टाकलं, नव्यानं घातलं. सापडलं नाही. बायकोच्या फोनवर घातलं. तिच्या फोनवर वीज काढून दिल्यावर क्षणभर यादीत ‘रोप-१’ उमटलं.

“दिसलं! दिसलं!” बायको ओरडली.

“दाब! दाब त्याच्यावर!”

तिनं ओला अंगठा पदराला पुसून दाबेपर्यंत नाव गायब.

“तुला एवढं साधं जमत नाही?”

“माझ्या हातात झारी होती!”

“झारी खाली ठेवायची ना!”

“ठेवते,” ती म्हणाली. खरंच ठेवली. “आता तुम्हीच घाला पाणी. मी तुमच्यासारखी फोन धरून उभी राहते.”

तिकडून धाकटी सगळं ऐकत होती. म्हणाली, “वहिनी, थांब जरा. दादा, दिसून गेलं म्हणजे मोड्यूल जिवंत आहे. ऐक, ते एका वेळी एकाशीच बोलतं. एकाशी जुळलं की दुसऱ्याला दिसतसुद्धा नाही. तिथं आणखी कुणाच्या फोनवर आपलं ॲप आहे का?”

“कुणाच्या असणार? इथं आम्ही तिघं. माझा फोन माझ्या हातात, हिचा हिच्या हातात. राहिले बाबा. बाबांना आलेला फोन धड उचलता येत नाही.”

म्हातारा दोन झाऱ्या घेऊन शेजारून चालला होता. त्यानं पायाखाली बघितलं आणि पुढं गेला.

“आणि ते आपोआप जुळण्याचं?” धाकटीनं विचारलं. “तूच मागं लागला होतास. जवळ गेलं की बटण न दाबता जुळलं पाहिजे म्हणून. ते काढून देऊ का?”

“नको, नको. तीच तर त्यातली खुबी आहे. बाईला तेच दाखवायचंय.”

बुधवारी त्यानं डबा खांबावरून काढला आणि घरच्या दुकानात टेबलावर आणला. पाणी आत जाऊ नये म्हणून कडांना भरलेली काळी पुट्टी पेचकसानं खरवडून काढली. झाकण उघडलं. आतला बारीक लाल दिवा लुकलुकत होता. ॲप उघडलं, आणि काय सांगायचं, बोट लावायच्या आत जुळलं! हिरवा ठिपका. त्यानं पाच वेळा तोडलं, पाच वेळा जोडलं. पाचही वेळा चटकन.

“आता बोल,” तो डब्याला म्हणाला.

तरी हातासरशी मोड्यूल बदललं, ॲप नावावरूनच डबा ओळखायचं म्हणून नव्याला तेच नाव दिलं, सोल्डर परत मारलं, मीटर लावून विजेचा दाब बघितला. परत पुट्टी भरली, वाळेपर्यंत तासभर त्याच्याकडं बघत बसला, आणि डबा छातीशी धरून दोन शेतं ओलांडून आला. खांबावर चढवला. वीज दिली.

सापडलं नाही.

फेज खाली मातीतच बसला. थोड्या वेळानं उठला आणि खांबाला लाथ घातली. खांब लोखंडी होता, अंगठ्याचं नख निळं झालं. मग त्याला वाटलं, लोखंडच आडवं येत असणार. डबा लाकडी खांबावर हलवला. नाही. ओली हवा आडवी येत असणार. बाहेर कोरड्यात आणला. नाही. पंपाची मोटार आडवी येत असणार. मोटारीची वायर लांबून फिरवली. नाही. वरची जाळीसुद्धा त्यानं एका जागी उचलून धरून बघितली.

“फेज गेला असेल,” कुंपणाबाहेरून जाणारा गवंडी म्हणाला आणि स्वतःच खिदळला.

“तू जा रे तुझ्या कामाला.”

दुपारी बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. साडी गुडघ्यापर्यंत ओली, चेहरा भाजून लाल. तिनं दोन्ही तळवे पुढं केले. झारीच्या दांड्यानं दोन्हींवर फोड आले होते, एक फुटला होता.

“एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही वायरमन आहात. व्हॉल्व्हच्या दोन वायरी डब्यातून काढून सरळ बटणाला लावायला किती वेळ लागेल?”

फेजनं पेचकस खिशात घातला.

“दहा मिनिटं?”

“पाच,” तो म्हणाला. “पण शुक्रवारी बाई येणार. तिला काय, वायरी लोंबताना दाखवू? म्हणेल, डबा चालत नाही म्हणून यानं बटण लावलं.”

“डबा चालत नाहीच आहे!”

“चालेल.”

“तो चालेपर्यंत मी चालतेय. बाबा चालतायत. त्यांचं वय बघा जरा. काल रात्रभर खांदा धरून कण्हत होते.”

“मग त्यांना म्हणावं घरी बसा. कुणी सांगितलंय?”

ती वळली आणि झारी उचलून गेली. फेजला आपण चुकलो हे कळत होतं, पण कळून वळायची ती वेळ नव्हती. त्याच्या डोक्यात फक्त ती एक ओळ फिरत होती.

गुरुवार असाच गेला. दुपारी म्हातारा जेवायला घरी गेला तेवढ्या वेळात फेज स्क्रू आणायला बाजारात गेला होता. दोघं परत आले तेही एकदमच. म्हातारा पुन्हा झाऱ्या भरायला लागला, फेज पुन्हा फोन घेऊन उभा राहिला. उन्हात पडदा दिसेना म्हणून तो सावली शोधत होता आणि म्हातारा नेमका वाटेत आला.

“बाजूला व्हा हो बाबा! सारखं काय मधेमधे!”

म्हातारा झारीसकट दहा पावलं मागं सरला. पाणी त्याच्या पायावर सांडलं.

शुक्रवारी दहा वाजता अध्यक्षीणबाई स्कूटरवरून आली. साठीची, काटक, हातात ना पर्स ना वही. आल्या आल्या चपला काढल्या, बाकड्यांमधून पहिल्या ओळीनं चालत गेली आणि सात-आठ ट्रेमध्ये बोट खुपसून बघितलं. फेजला वाटलं, हिनं माझ्या बापाकडून शिकून घेतलंय की काय.

“रोपं चांगली आहेत,” ती म्हणाली. “एवढ्या उन्हात एकाचीही मान खाली नाही. हे सगळं तुझ्या डब्यानं केलं?”

बायकोनं तळवे पदराखाली घेतले. फेजच्या तोंडून ‘हो’ निघता निघता राहिलं.

“दाखवतो ना,” तो म्हणाला.

‘रोप-१ सापडलं नाही.’

“जरा नेटवर्कचं…” तो म्हणाला. ब्लूटूथला नेटवर्क लागत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? परत दाबलं. परत तीच ओळ. बाई खांबाला टेकून उभी. घाम त्याच्या भुवईवरून थेट पडद्यावर पडला. त्यानं पुसला तर पडद्यावरचं दुसरंच काहीतरी दाबलं गेलं आणि फोनमध्ये गाणं सुरू झालं.

“गाणं वाजवतो म्हण की,” बाई म्हणाली.

आता लाजायचं काही शिल्लक नव्हतं. त्यानं धाकटीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन बायकोच्या हातात दिला. स्वतः पेचकस घेऊन, बाईच्या देखत, परवाच भरलेली पुट्टी फोडायला लागला. काळे तुकडे पायाशी पडत होते.

“दादा, उघडलास? दिवा कसा आहे?”

“लाल.”

“लाल माहितीये रे. लुकलुकतोय की स्थिर?”

टेबलावर लुकलुकत होता, म्हणून इथंही लुकलुकत असणार असं तो दोन दिवस धरून चालला होता. त्यानं डोळे बारीक केले.

“स्थिर आहे.”

पलीकडून धाकटी म्हणाली, “दादा, तो रिकामा नाहीये. तो कुणाशी तरी जुळलेला आहे. आत्ता, या क्षणी. तुमच्यापैकी कुणाकडं तरी तो फोन आहे.”

फेजनं बायकोकडं बघितलं. “माझ्याकडं तुमचाच फोन आहे,” ती म्हणाली, “माझा घरी आहे.” बाईनं कमरेच्या बटव्यातून आपला फोन काढून दाखवला. बटणांचा, टॉर्चवाला, रंग उडालेला.

“माझ्यात असलं काही येत नाही,” ती म्हणाली.

आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू मागं वळल्या.

म्हाताऱ्यानं झारी खाली ठेवली. हात कोरडे केले, एकदा नाही दोनदा. सदऱ्याच्या आत, बनियनला शिवून घेतलेल्या खिशात हात घातला आणि प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत रबरानं बांधलेला जुना फोन. वरचा अर्धा भाग काळा. खालच्या अर्ध्यात बेचाळीस हा आकडा आणि त्याशेजारी हिरवा ठिपका.

“हा भंगारात टाकला होता,” फेज म्हणाला.

“हो.”

“तुमच्याकडं कधीपासून आहे?”

“रविवारी संध्याकाळी उचलला. पंपाच्या खोलीत चार्ज करतो.”

फेजचं डोकं फिरलं. बाई आहे, बायको आहे, फोनवर बहीण आहे, कशाचं भान राहिलं नाही. “चार दिवस! चार दिवस मी इथं खांबावर डोकं आपटून घेतोय! रात्री झोप नाही! हिच्या हाताला फोड आले! आणि तुम्ही हा खिशात घालून माझ्यामागं हिंडताय? तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?”

“मी हात नाही लावला,” म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नाही. “कशालाच नाही. विचार कुणालाही. नुसतं बघत होतो. हात लावू नको म्हणाला होतास. बघू नको म्हणाला नव्हतास.”

फोनमधून धाकटीचा आवाज आला, “बाबा?”

म्हाताऱ्यानं फोनच्या कडेचं बटण दाबून धरलं. आकडा विझला. डब्यातला लाल दिवा लुकलुकायला लागला. बायकोच्या हातातल्या फोनवर कुणीही काही न दाबता हिरवा ठिपका उमटला. फेजनं फोन घेतला, वेळापत्रक लावलं आणि ‘आत्ता सुरू’ दाबलं. पंप घरघरला, नळ्या फुसफुसल्या आणि सगळ्या बाकड्यांवर पाण्याचं धुकं उतरलं. चौघांचे चेहरे भिजले.

“ओल किती दाखवतो?” बाईनं फेजला विचारलं.

“बेचाळीस. आता वाढेल.”

“ते खरं नाही,” म्हातारा म्हणाला आणि मग जीभ चावली.

“बोला ना,” बाई म्हणाली.

“त्याची ओल बघायची सळी मधल्या ट्रेमध्ये आहे. मधे सावली असते. कडेला तो बेचाळीस म्हणतो तेव्हा बोटाला कोरडं लागतं. त्यानं पन्नास म्हटलं की कडेचे ट्रे बरे असतात. दुपारी दोननंतर तर पंचावन्नसुद्धा कमीच.” तो थांबला. “चार दिवस मी दोन्ही बघत होतो. एका हातानं आकडा, दुसऱ्या हातानं ट्रे.”

बाई कडेच्या बाकड्यापर्यंत गेली, बोट घालून आली. मग डब्यापाशी उभी राहून त्याला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं, खालून हात फिरवला.

“याला हाताचा खटका कुठं आहे?”

फेजनं पेचकस खाली ठेवला. “खटका नाहीये.”

“का? एवढी हुशारी केलीस, एक खटका नाही लावलास? का रे?”

काय सांगणार होता? सांगायला एकच कारण होतं आणि ते चार हात लांब ओल्या सदऱ्यात उभं होतं. फेजनं डब्याच्या कडेची पुट्टी नखानं खरवडली. बाई वाट बघत होती.

“माझ्यामुळं,” म्हातारा म्हणाला. “मी मागच्या हंगामात पाणी सुरू ठेवून झोपलो. दोनशे ट्रे घालवले. खटका असता तर मी परत फिरवला असता. म्हणून नाही लावला त्यानं. त्याचं बरोबर आहे.”

बाईनं म्हाताऱ्याकडं बघितलं, मग फेजकडं. तिला काय वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं नाही. चपला घालता घालता म्हणाली, “डबा वाईट नाही. पण माझ्या बारा जणींतल्या आठ जणींकडं माझ्यासारखाच फोन आहे. आणि पाच-सहा घरांत असा एकेक म्हातारा माणूस आहे. खटका लाव. मग मला बोलव. आत्ता मी हो म्हणणार नाही.”

स्कूटर गेली. फेज उघड्या डब्यासमोर उभा राहिला. बाई नाही म्हणून गेली नव्हती, पण हो म्हणूनही गेली नव्हती, आणि त्याला त्याचं वाईट वाटायच्या आधी दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. बायकोनं त्याच्या हातातला फोन घेऊन धाकटीचा कॉल बंद केला.

“तीस वर्षं पाणी घातलंय त्यांनी,” ती एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळी फेज ड्रिल, पेन्सिल आणि एक जाडा काळा खटका घेऊन रोपवाटिकेत आला. म्हातारा आत नव्हता. कुंपणाबाहेर, फाटकापलीकडं उभा होता.

“बाबा, तिथं का उभे आहात?”

“असू दे. जवळ आलो तर तुझं बिघडेल.” त्यानं सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. “फोन नाहीये. घरी ठेवलाय. तरी पण.”

फेजच्या हातातला ड्रिल खाली आला. चार दिवस ज्या तोंडानं ओरडला त्या तोंडानं आता काय बोलायचं? “या ना इकडं,” तो म्हणाला. “खटका कुठल्या उंचीवर लावू ते कळत नाहीये. हात कुठवर पोचतो ते बघायचंय.”

“सूनबाईच्या हाताप्रमाणं लाव.”

“तिचा पोचतो कुठंही. तुमचा बघायचाय.”

म्हातारा आला. खांबासमोर उभा राहिला, उजवा हात उचलायला गेला. हात डब्यापर्यंत गेलाच नाही. झाऱ्यांनी खांदा असा धरला होता की कोपर छातीच्या वर येईना. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं, परत एकदा जोर लावला आणि सोडून दिलं.

“इथवरच येतो आता,” तो म्हणाला.

फेजनं तिथंच, त्याच्या बोटांच्या टोकाशी, खांबावर पेन्सिलनं रेघ मारली. डबा दीड हात खाली घेतला. भोक पाडलं, खटका बसवला, दोन वायरी जोडल्या. बायकोला सांगितलेली पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“फिरवा.”

“मी?”

“फिरवा हो.”

म्हाताऱ्यानं खटका खाली केला. पंप घरघरला आणि धुकं उतरलं. फेज मनातल्या मनात मिनिटं मोजत होता. तीन. चार. पाच झाली, ॲपप्रमाणं पुरे झालं होतं. फोनवर आकडा अठ्ठेचाळीस. म्हातारा खटका सोडून कडेच्या बाकड्याशी गेला, शेवटच्या ट्रेमध्ये बोट घातलं, बोट काढून बघितलं आणि तसाच उभा राहिला. पाणी चालूच होतं.

फेजच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं. फोन खिशात घातला आणि खाली पडलेले पुट्टीचे तुकडे वेचायला लागला.

“अजून थोडं,” म्हातारा म्हणाला.

“बरं,” फेज म्हणाला.